माठांच्या फोटोसाठी फिरतं टेबल: मोटर कुठली, सेन्सर कुठला?

खानापूरचा कुंभार
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचा मडक्यांचा धंदा. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला माठ चहूबाजूंनी दाखवावा लागतो, म्हणून फूटभर रुंदीचं फिरतं टेबल करूलोय. एका फेरीत ३६ फोटो, दर वेळी १० अंश फिरून थांबायचं. जडात जड माठ ४ किलोचा. २८बीवायजे-४८ ही गिअरवाली छोटी स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनं फिरणारी) लावून बघितली. पणतीला चालली, माठ ठेवला की कुरकुरते, आणि थांबल्यावरही टेबल हातानं थोडं मागंपुढं हलतंय. त्यात पावसात लाईट सारखी जाते. मधेच गेली की टेबल कुठवर आलं होतं कळत नाही, परत पहिल्यापासून. काय घेऊ?

उद्यमबाग लेथ
दादा, आधी वजन मोटरवरून काढा. टेबलाखाली गोल थ्रस्ट बेअरिंग बसवा, भार तिनं उचलायचा. मोटरनं नुसतं फिरवायचं. ती छोटी मोटर सोडा. तिच्या गिअरला मोकळीक असते, टेबल हलतं ते त्यामुळं. शिवाय गिअर ६४ चा म्हणतात, म्हणजे आतली मोटर ६४ फेऱ्या फिरली की बाहेरचा दांडा एक फेरी, पण बहुतेक मोटरींत तो ६३.६८ च्या आसपास निघतो. ६४ धरून एका फेरीच्या २०४८ स्टेप दिल्या की टेबल पूर्ण फेरीच्या पावणेदोन अंश पुढं जातं.

नेमा १७ मापाची मोठी स्टेपर मोटर घ्या. मोटरला २० दातांची पुली, टेबलाला ६० दातांची, मधे जीटी२ हा दातांचा बेल्ट. मोटरच्या फेरीला २०० स्टेप, म्हणजे टेबलाच्या फेरीला ६००. आता नीट बघा: ६०० ला ३६ नं भाग जात नाही. ४० फोटो काढा, दर फोटोला ९ अंश, बरोबर १५ स्टेप. दर वेळी मोटर पूर्ण स्टेपवर थांबते, चूक साचत नाही. वेग हळूहळू चढवा आणि उतरवा. एकदम झटका दिला तर जड माठाला स्टेप चुकतात.

निपाणीकर
सेन्सर म्हणून साधा हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारा) आणि टेबलाच्या कडेला एक चुंबक पुरे की. लाईट आली की टेबल फिरून शून्यावर येईल, फोटोचा आकडा बोर्डाच्या मेमरीत ठेवायचा. स्वस्तात काम.

उद्यमबाग लेथ
चालेल, पण बेल्ट दात सोडून सरकला तर ते शून्यावर येईपर्यंत कळत नाही. मी एएस५६०० लावा म्हणेन, चुंबक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर. तो एका फेरीचे ४०९६ भाग करतो आणि लाईट आल्याबरोबर टेबल आत्ता कुठं आहे ते सांगतो. मोटरवर नको, टेबलाच्या शाफ्टखाली लावा. चुंबक मात्र व्यासाच्या दिशेनं चुंबकित केलेलंच पाहिजे, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुव वर-खाली नाही, आडव्या दोन बाजूंना. मी जुन्या खेळण्यातलं गोल चुंबक चिकटवलं होतं. टेबल फिरतंय आणि आकडा जागचा हलत नाही! दोन रात्री प्रोग्राम तपासला, दोष चुंबकात निघाला. शाफ्ट लोखंडी असेल तर चुंबक पितळेच्या वाटीत बसवा. सेन्सरपासून अंतर १ ते २ मिमी.

आणि एक: करंट चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड) जळतो.

खानापूरचा कुंभार
लई उपकार झाले. ३६ चा हट्ट सोडला, ४० च काढतो. शाफ्ट १० मिमीचा पुरेल?

उद्यमबाग लेथ
भार बेअरिंगवर आहे, आरामात पुरेल. खालच्या टोकाला वाटीसाठी भोक मारायचं तेवढं मध्यावर येऊ दे. ड्रिलनं अंदाजानं मारू नका, लेथवरच करून घ्या.