कुत्र्यासकट कॉटेज बुक करताना आधी काय काय विचारायचं?

पायपीट_प्रेमी: आम्ही दोघं आणि आमची लॅब्राडोर, ४ दिवस खेड्यातलं एखादं कॉटेज घ्यायचं आणि रोज नुसतं चालायचं असा बेत आहे. जाहिरातीत सगळेच 'पेट फ्रेंडली' लिहितात हो, पण मागच्या वेळी तिथे पोचल्यावर कळलं की कुत्रं घरात नाही, व्हरांड्यात बांधायचं!! रात्रभर रडली बिचारी.

चिखलपाय: कुंपणाचा फोटो मागवा. 'कुंपण आहे' म्हणजे कधीकधी नुसत्या तीन तारा, आमचा बीगल त्याखालून दोन मिनिटांत पसार झाला होता. शिवाय कुत्र्याला खोलीत एकटं ठेवून बाहेर गेलेलं चालतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी नाही चालत. आणि बाहेर नळ हवाच, चिखलाचे पाय आत गेले की संपलं.

जुना_भटक्या: पायवाट दारातूनच सुरू होत असेल तर बेस्ट, रोज गाडी काढायला नको. गुरं चरत असतील तिथे पट्टा लावूनच न्या, पण गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्यायचा, कुत्रा पळून वाचतो, मध्ये सापडतो आपण. परत आल्यावर गोचीड बघा, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेलबिल लावत बसू नका.

पायपीट_प्रेमी: अरे देवा, आम्ही तेलच लावायचो की. आणि नळाचं तर डोक्यातच नव्हतं, आजच फोन करून विचारते.