फिजीचे युद्धसोटे: ‘बंदुकीचा दस्ता’ म्हणे!

किनारा (धागाकर्ती):
ऑकलंडमधल्या एका लिलावाच्या यादीत गेल्या आठवड्यात फिजीचे दोन जुने युद्धसोटे पाहिले. एकाखाली लिहिलं होतं ‘बंदुकीचा दस्ता’, दुसऱ्याखाली ‘अननस’. गाव नाही, फिजीयन नाव नाही, फक्त किंमत. फार खुपलं, म्हणून हा धागा.

पहिल्याचं खरं नाव सली. तिथल्या केळीच्या कुळातल्या एका झाडाच्या, नखीसारख्या वळलेल्या फुलावरून पडलेलं. त्याचाच भाऊबंद ङाता, म्हणजे साप. त्याचं टोक उघड्या जबड्यासारखं. आणि ज्याला ‘अननस’ म्हणतात तो तोतोकिया. अननस तर मुळात दक्षिण अमेरिकेचा! तोतोकियाचं गाठीगाठींचं डोकं केवड्याच्या जातीच्या फळासारखं आहे. कोकणात ज्यांनी केवड्याचं फळ पाहिलंय त्यांना फोटो बघताच पटेल.

घडवायची रीत तर थक्क करणारी. वाकड्या सोट्यासाठी कोवळं झाड उभं असतानाच वाकवून बांधायचे आणि तसंच वाढू द्यायचे. मग लाकडाचे तंतू वळणातून अखंड जातात. सरळ ओंडक्यातून तेच वळण कापलं, तर घाव बसताच तिथेच तुटेल. लाकूड बऱ्याचदा नोकोनोको, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा सुरू. ई उला हा कमरेला खोचायचा, फेकून मारायचा आखूड सोटा. त्याचं डोकं मुळाशी असलेल्या गाठीतून काढतात. म्हणजे सोटा कोरायच्या आधी कितीतरी दिवस कुणीतरी झाड हेरून ठेवलेलं असायचं.

माझं मत स्पष्ट आहे. या वस्तू खासगी दिवाणखान्यात असू नयेत.

जुनं_लाकूड:
पूर्ण असहमत. माझ्याकडे एक उला आहे. वडील नोकरीनिमित्त फिजीच्या राजधानीत, सुवाला होते, तिथे दुकानातून रीतसर घेतलेला. थाकोम्बाऊ या मोठ्या सरदाराने १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे लढाया थांबत गेल्या आणि सोट्यांचं काम संपलं. लोकांनी ते स्वतः विकले, बदल्यात माल घेतला. पुढे तर पाहुण्यांना विकायला म्हणून नवे घडवले. विकणाऱ्याला काही कळत नव्हतं असं धरून चालणं हा त्याचाच अपमान आहे. संग्राहक नसते तर यातले किती वाळवीने खाल्ले असते?

घाटमाथा:
सगळं रीतसर नव्हतं. १८७६ मध्ये व्हिती लेवू बेटाच्या डोंगराळ भागातला उठाव ब्रिटिश गव्हर्नर आर्थर गॉर्डनने मोडून काढला. हरलेल्यांची शस्त्रं त्याच्या वर्तुळातल्या लोकांकडे गेली आणि तिथून इंग्लंडला. त्याच काळात बॅरन फॉन ह्युगेल डोंगरात हिंडून अदलाबदलीने वस्तू जमवत होता. १८८३ मध्ये तो केंब्रिजच्या संग्रहालयाचा पहिला क्युरेटर झाला. आज दोन्ही प्रकारचे सोटे काचेमागे सारखेच दिसतात. म्हणून ‘कुठून आला’ हा प्रश्न प्रत्येक सोट्याला वेगळा विचारावा लागतो. सगळ्यांना चोर ठरवू नका, आणि ‘विकत घेतला’ म्हणून विषयही संपवू नका.

रंधा:
मी सुतार आहे, म्हणून आकारावर बोलतो. ताई, नावावरून उगम सिद्ध होत नाही. आपल्या गडांचे दरवाजे गोमुखी असतात, पण ते गाईचं तोंड बघून बांधलेले नाहीत. शत्रूला वळणात अडवायचं होतं. नाव मागून आलं. तोतोकियाचं तसंच. सगळं वजन डोक्याच्या एका टोकदार चोचीमागे आणलंय, कवटीला भोक पाडण्यासाठी. आकार त्या कामातून आला.

किनारा:
चोचीचं मान्य, दादा. पण चोचीमागच्या त्या गाठी? ओळीने, एकसारख्या, इतक्या निगुतीने कोरायला मारण्याच्या कामाने कुणाला भाग पाडलं? तिथे कोरणाऱ्याच्या नजरेसमोर फळ होतं असं मी मानते. शिवाय हे नुसतं हत्यार नव्हतं. शत्रूला मारणाऱ्याला कोरोई हा मान मिळे, त्यासोबत नवं नाव. नावाजलेल्या सोट्यांना स्वतःची नावं असत आणि ते देवघरात, म्बुरे कालोऊत, ठेवले जात. देवघरातली वस्तू कोणाच्या सोफ्यावर टांगलेली बघून तुम्हाला काय वाटेल?

जुनं_लाकूड:
वाईट वाटेल, हे खरं. पण थाकोम्बाऊचाच सोटा घ्या. १८७४ मध्ये बेटं ब्रिटिशांच्या हवाली करताना त्याने तो राणी व्हिक्टोरियाला दिला. १९३२ मध्ये तो फिजीला परत आला आणि आज संसदेचा राजदंड आहे. त्याचा मालक ठाऊक होता, म्हणून परतीची वाट होती. माझ्या उल्याचं गावच ठाऊक नाही. द्यायचा कोणाला?

किनारा:
सुवाच्या फिजी म्युझियमला आधी फोटो पाठवा. मुठीवरचं कोरीवकाम जवळून, डोक्याच्या पाकळ्या मोजून, आणि वडिलांनी कधी, कुठल्या दुकानातून घेतला तेही लिहा. तिथे हेच काम करणारी माणसं आहेत.

जुनं_लाकूड:
फोटो पाठवतो. पाकळ्या आत्ताच मोजल्या, नऊ आहेत. आईने त्यावर कधीतरी व्हार्निश लावलं होतं, ते काढू की राहू दे?

रंधा:
हात लावू नका. आधी त्यांना विचारा.