सागवानी कपाटावर रॅचेट बेल्टचे वळ उठतात, माल बांधायचा तरी कसा?

सागवान_कऱ्हाड

नमस्कार मंडळी. कऱ्हाडला आमचा फर्निचरचा कारखाना आहे, सासऱ्यांनी उभा केलेला. हिशेब आणि माल रवाना करणं आता माझ्याकडे असतं. सागवानी कपाटं, पलंग, देव्हारे असा माल बहुतेक पुण्याला जातो. पूर्वी टेम्पोवाले दोरीने बांधायचे, आता सगळे रॅचेट बेल्ट, म्हणजे दात्यांच्या कळीने आवळायचे पट्टे, लावतात. माल जागचा हलत नाही हे खरं, पण गेल्या खेपेला कोथरूडला कपाट उतरवलं तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर बेल्टची खाच पडलेली. कंगोरा दबलेला, मेलामाइन पॉलिश फुटून पांढरट रेघ आलेली. दारांवर दोन इंच रुंद आडवा वळ. वर बबल रॅप गुंडाळलं होतं, त्याचे गोल ठसे आणखी वेगळे. ग्राहकाचं बोलणं ऐकून घेतलं आणि पॉलिशवाल्याला तिकडे पाठवलं.

ड्रायव्हर म्हणतो, "वहिनी, खंबाटकीच्या घाटात ढिलं पडलं तर कपाट आडवं होईल, मी आवळणारच." त्याचंही बरोबर आहे. मग करू काय? गोधड्या दुप्पट घालू, की परत दोरीवर जाऊ?

टेम्पो_सातारा

वहिनी, दोरीवर जाऊ नका. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, आणि पावसाळ्यात निम्म्या वाटेत ढिली झालेली असते. दोरी बारीक असल्यामुळे रुततेही जास्त. आम्ही टायरची जुनी ट्यूब कापून कोपऱ्यावर ठेवतो आणि वरून बेल्ट घेतो. लोखंडी मालाला तरी कधी तक्रार आलेली नाही.

डिस्पॅच_शिरोली

ताई, मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याचा डिस्पॅच बघतो. मशीनिंग केलेली कास्टिंग आणि पावडर कोटिंगचे पॅनेल आमच्याकडून जातात. रंगावर चरा आला की अख्खा पॅनेल परत येतो, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या डोक्यात असतो.

आधी खाच का पडते ते बघा. दोन इंची रॅचेट हाताने पूर्ण खेचला की बेल्टमध्ये साधारण तीनशे किलोचा ताण येतो. बेल्टच्या लेबलवर 'एसटीएफ' असं लिहून पुढे आकडा दिलेला असतो, तो हाच. आता कपाटाच्या कोपऱ्यावर बेल्ट काटकोनात वळतो. वरून तीनशे, बाजूने तीनशे, म्हणजे कंगोऱ्यावर तिरका दाब सव्वाचारशे किलोच्या घरात. तोही दोन इंच लांब आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद अशा रेघेवर. सागवान असलं म्हणून काय झालं, तिथे ते दबणारच. फोटो असले तर नीट बघा, रॅचेट ज्या बाजूला होता त्या बाजूचा कोपरा जास्त खचलेला असेल. कोपऱ्यावर बेल्ट घासतो, त्यामुळे ताण पलीकडे पूर्ण पोचतच नाही. पलीकडची बाजू सैल वाटते म्हणून माणूस आणखी दोन दाते ओढतो आणि सगळा भार अलीकडचा कोपरा सोसतो.

गोधड्या दुप्पट करू नका. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मऊ थर जितका जाड तितका तो प्रवासात बसत जातो. वीस-तीस किलोमीटरवर गोधडी दबते, बेल्ट लोंबतो, ड्रायव्हर उतरून पुन्हा आवळतो, असं दोनदा झालं की मऊपणा संपला आणि बेल्ट लाकडाला भिडला. पाहिजे आतून मऊ आणि बाहेरून कडक. लाकडाला धुतलेली सुती चादर, तिच्यावर पातळ फोम, आणि त्याच्यावर काटकोनी कडक पट्टी. ही पट्टी तुमच्या कारखान्यात फुकटात होईल. १२ मिलिमीटर प्लायच्या चार इंच रुंद, दीड-दोन फूट लांब दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात स्क्रूने जोडा, आतून फोम चिकटवा, बाहेरचा कोपरा पॉलिशपेपरने गोल करून घ्या. दोन इंचावरचा दाब मग दोन फुटांवर पसरतो. बाहेरून गुळगुळीत असल्यामुळे बेल्ट सरकतो आणि दोन्ही बाजूंना ताण सारखा जातो. बेल्टचं आयुष्यही वाढतं, कारण कोपऱ्याची गोलाई बेल्टच्या जाडीपेक्षा कमी असेल तर ती धारच धरायची असते.

टेम्पोवाले दादा, ट्यूब लोखंडाला उत्तम. पॉलिशवर मात्र काळ्या रबराचा डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही. ती कपाटाच्या पायाखाली घाला, तिथे तिचं खरं काम आहे.

आणि मुख्य गोष्ट हीच. बेल्टने माल दाबून धरायचा, हा विचारच सोडा. माल हलूच नये अशी जागा आधी करा, मग बेल्टला काम थोडंच उरतं. युरोपातल्या माल बांधण्याच्या नियमात, ईएन १२१९५ मध्ये, ब्रेक दाबल्यावर पुढे वजनाच्या ०.८ पट, आणि वळणावर बाजूला किंवा चढाला मागे ०.५ पट जोर धरतात. तुमचं कपाट १२० किलोचं, सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल धरू. लाकडी हौद्यावर लाकूड ठेवलं तर घर्षण वजनाच्या ०.४५ पटीच्या आसपास, ०.५ पेक्षा कमी, म्हणजे वळणावर थोडंसं सरकणार. खाली घर्षणाचा रबरी मॅट टाकला की ०.६, मग बाजूला सरकत नाही. पुढे मात्र ०.८ आहे, म्हणून पाठ केबिनमागच्या फळीला टेकवून उभं करा. पुढचा सगळा जोर फळी घेईल.

राहिलं उलटणं. बाजूला चार फुटांचा पाया आहे, सात फूट उंचीला तो पुरतो. गाडीच्या मागच्या दिशेला मात्र पाया दोनच फुटांचा, ०.२९ पट जोरातच कपाट कलायला लागतं. बेल्ट हवा तो एवढ्यासाठी. पाच फूट उंचीवर समोरून आडवा घेऊन दोन्ही टोकं हौद्याच्या पुढच्या कड्यांत अडकवली तर ढोबळ हिशेबाने मागचा तोल सावरायला वीस किलोच्या आसपास जोर लागतो. खड्डे, हिसके धरून पाच पट घ्या, तरी शंभर किलो. तीनशेची गरजच नाही. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत ठोकळे किंवा दुमडलेल्या गाद्या ठासा, म्हणजे घाटात कपाट नाचणार नाही.

आडवा बेल्ट दाराच्या मधल्या पॅनेलवरून घेऊ नका, पॅनेल पातळ असतं. दोन्ही उभ्या चौकटींना टेकेल अशी एक लांब सरळ फळी समोरून लावा आणि बेल्ट त्या फळीवरून घ्या. दारांना मग स्पर्शच होत नाही.

सागवान_कऱ्हाड

दादा, खूप आभार. फोटो काढून बघितला, रॅचेटकडचा कोपरा खरंच जास्त खचलाय. वीस किलोचा हिशेब ड्रायव्हरला वाचून दाखवते. एक राहिलं, बबल रॅपचे ठसे कशाने आले? माल जायच्या आदल्या दिवशी शेवटचा हात मारला होता.

डिस्पॅच_शिरोली

तेच कारण. मेलामाइन हाताला वाळलेलं लागलं तरी आतून कडक व्हायला वेळ घेतं. थिनरचा अंश बाहेर पडत असतो, तो प्लास्टिकखाली कोंडतो, थर मऊच राहतो आणि वरून दाब आला की बुडबुडे छापले जातात. पॉलिशनंतर आठवडाभर तरी उघडं ठेवा. घाईच असेल तर प्लास्टिक अंगाला लावूच नका, सुती चादर लावा. चादर झटकून घ्या, कारखान्यातला भुसा आणि वाळू तिच्यात राहिली तर वाटभर पॉलिशपेपरचं काम करते.

द्राक्ष_निफाड

आमचा माल वेगळा, पण दुखणं तेच. द्राक्षाच्या पेट्या पॅलेटवर रचून पट्टी आवळली की कडेच्या पेट्या चेपतात. पुठ्ठ्याच्या पेटीची ताकद मुख्यतः तिच्या उभ्या कोपऱ्यांत असते, आणि कोल्ड स्टोअरेजच्या ओलीत पुठ्ठा आणखी नरम पडतो. म्हणून पॅलेटच्या चारी कोपऱ्यांना वरपासून खालपर्यंत पुठ्ठ्याचे अँगल बोर्ड, म्हणजे काटकोनी पट्ट्या, लावूनच पट्टी मारतो. ताई, हे अँगल बोर्ड पॅकेजिंगवाल्यांकडे लांबीवर मिळतात. देव्हाऱ्यासारख्या हलक्या मालाला प्लायपेक्षा ते सोपे पडतील. नक्षीच्या कळसाला मात्र कशाचाच भार देऊ नका, तो सुटा होत असेल तर वेगळ्या खोक्यात न्या.

टेम्पो_सातारा

शिरोलीवाल्या दादांचं पटलं, पण एक सांगतो. फळीला टेकवून उभं करायचं म्हणजे कपाट सगळ्यात आधी चढवायला लागतं. आम्ही गेटवर येतो तेव्हा हमालांनी पलंग आधीच आत कोंबलेला असतो, मग कपाट मागे फाळक्याजवळ आणि सगळा भरवसा बेल्टवर. चढवायचा क्रम कारखान्यातूनच ठरवून द्या. आणि कडी कुठे आहेत ते गाडीगाडीला वेगळं असतं. छोट्या हत्तीला बाहेरून असतात, बेल्ट फाळक्याच्या पत्र्यावर घासतो.

डिस्पॅच_शिरोली

दादा, क्रमाचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्याकडे मालासोबतच्या चलनाच्या मागे हौद्याचा चौकोन काढून कुठला नग कुठे ते लिहून देतो, हमाल तसंच भरतात. पत्र्यावर बेल्ट घासतो तिथे अग्निशमनाच्या जुन्या कॅनव्हास होजचा तुकडा बेल्टवर ओवून ठेवा. बेल्टला गाठ मारायची नाही, आणि कडेला कापल्याची खूण दिसली तर तो बेल्ट बाजूला काढायचा.

ताई, रॅचेटची लोखंडी कळ लाकडावर टेकू देऊ नका. ती कडी आणि माल यांच्या मधल्या मोकळ्या भागात ठेवा. तशी जागा नसेल तर तिच्याखाली रेक्झिनची गादी बांधा. आणि ड्रायव्हरला सांगा, साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबला की बेल्टला हात लावून बघायचा, घाट लागायच्या आधी.