मदत हवी आहे: एसईसी सॉफ्टबॉलच्या 15 टीम्सचा अंदाज कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेतलं कॉलेज सॉफ्टबॉल फॉलो करणारं कोणी आहे का? मुलीला शाळेच्या पेपरसाठी 2026 च्या सीझनवर लेख लिहायचाय. एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, त्यातल्या 15 च्या 15 टीम्स क्रमाने लावायच्यात आणि प्रत्येकीमागचं कारण द्यायचंय. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो, त्यामुळे घरात टेक्सस टेक्सस चालूच असतं, पण क्रम लावताना ते बाजूला ठेवायचं असं दोघींनी ठरवलंय. मी अमरावतीला कॉलेजात असताना कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी) होते त्यामुळे खेळ कळतो, पण आपल्याकडे इंटर-युनिव्हर्सिटी म्हणजे थोड्या दिवसांत सगळं उरकायचं, आणि इथे मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत वीकेंडला त्याच टीमशी लागोपाठ तीन मॅचेस, हे गणितच वेगळं आहे.

पहिली अडचण शेड्यूलची. प्रत्येक टीम 8 सीरिज म्हणजे 24 मॅचेस खेळते, पण समोर टीम्स 14 असतात. म्हणजे सहा जणींशी गाठच पडत नाही. एखादीला 16 विजय मिळाले आणि दुसरीला 14, तर पहिली खरंच भारी का तिला सोप्या टीम्स आल्या, हे ओळखायचं कसं? 2025 ला ओक्लाहोमा 17-7 करून पहिली आली, तेही एसईसीतल्या त्यांच्या पहिल्याच वर्षी आणि जवळजवळ नवी टीम घेऊन, कारण आधीची देशातली सलग चार टायटल्स जिंकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी शिकून बाहेर पडल्या होत्या. पॅटी गॅसो कोच आहेत म्हणून होईल असं म्हणणारे होते, पण ते आकड्यांत कसं धरायचं?

दुसरी अडचण पिचरची (बॉल टाकणारीची), आणि माझा मुख्य प्रश्न हाच आहे. सगळे अंदाज एका मोठ्या पिचरभोवती फिरतात. टेनेसीची कार्लिन पिकन्स घ्या, 2025 मध्ये तिने ताशी 79.4 मैलांचा बॉल टाकला, कॉलेज सॉफ्टबॉलमधला सगळ्यात वेगवान, आणि पिचिंग फक्त 43 फुटांवरून असतं, बॅटरला विचार करायला वेळच नाही. ती परत येतेय. पण त्याच टीमची टेलर पॅनेल, त्यांची मोठी बॅटर, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलायची अधिकृत यादी) टेक्सस टेकला गेली, ती टीम एसईसीत नाही. मग टेनेसी वर लावायची का खाली?

एकीवर किती भार टाकता येतो ते 2025 च्या वर्ल्ड सीरिजच्या (देशातल्या शेवटच्या आठ टीम्सची स्पर्धा) टेक्सस विरुद्ध टेक्सस टेक या तीन मॅचेसच्या फायनलमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय. फायनलच्या तिसऱ्या मॅचपर्यंत टेक्सस टेकच्या नायजारी कॅनडीने वर्ल्ड सीरिजमधला टीमचा प्रत्येक बॉल स्वतः टाकला होता. पहिल्या मॅचला ती टेक्ससच्या रीस ॲटवुडला मुद्दाम वॉक (चार बॉल बाहेर टाकून फुकट पहिला बेस) देत होती आणि तो बॉल पुरेसा बाहेर गेला नाही, ॲटवुडने बॅट लांब करून तो मारला, दोन रन आले, मॅच 2-1. (मी कॅचर होते म्हणून सांगते, अशा वेळी कॅचर बाहेर उभी असते आणि तिच्या हातात काहीच उरत नाही, बघताना माझ्याच पोटात गोळा आला!) तिसऱ्या मॅचला कॅनडीवर पहिल्याच इनिंगमध्ये 5 रन झाले आणि तिला काढावं लागलं, टेक्सस 10-4 ने चॅम्पियन. हे सगळं शेवटच्या आठवड्यातलं. एसईसीत तर असा दमवणारा वीकेंड आठ वेळा येतो.

माझं मत असंय की क्रम लावताना दुसऱ्या आणि तिसऱ्या पिचरला जास्त मार्क द्यावेत. मुलगी म्हणते, आई, पुरावा काय? आमच्या शीटमध्ये आत्ता मागच्या वर्षीचा क्रम, टीमचा ईआरए (पिचरमुळे एका मॅचला सरासरी किती रन गेले) आणि आरपीआय (विजय आणि प्रतिस्पर्धी किती तगडे यावरून काढलेलं रेटिंग) एवढंच आहे. अजून काय घालू?

---

प्रतिसाद १:
ताई, टीमचा एकत्र ईआरए काढून टाका, त्यात फेब्रुवारीतल्या दुबळ्या टीम्सविरुद्धच्या मॅचेस मिसळलेल्या असतात, 8 रनची लीड झाली की पाचव्या इनिंगला मॅच संपते आणि आकडे सुंदर दिसतात. फक्त कॉन्फरन्समधल्या मॅचेस घ्या आणि पिचरनिहाय इनिंग मांडा. पहिल्या पिचरने एकूण इनिंगपैकी निम्म्याहून जास्त टाकल्या असतील तर तिथे लाल खूण करा. मग दुसऱ्या पिचरचे वॉक आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) बघा, रन नको, रन फिल्डिंगवरही ठरतात. आरपीआयमध्ये 25 टक्के स्वतःचे विजय, 50 टक्के प्रतिस्पर्ध्यांचे आणि 25 टक्के त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे, त्यामुळे एसईसीत हरूनही तो चांगला राहतो. 15 पैकी 14 टीम्स 2025 ला एनसीएए (देशभरातल्या कॉलेजांच्या) टुर्नामेंटमध्ये गेल्या त्या काय उगाच? क्रम लावायला तो कामाचा नाही.

प्रतिसाद २:
शेड्यूलसाठी सोपं करा. ज्या आठ जणींशी खेळायचंय त्यांच्या मागच्या वर्षीच्या कॉन्फरन्स विजयांची बेरीज, आणि कोणती सीरिज घरी, कोणती बाहेर. आणि क्रम म्हणजे भविष्य नव्हे हे लेखात लिहायला सांगा मुलीला, टेक्सस ए अँड एम 2025 ला एनसीएए टुर्नामेंटमध्ये पहिला सीड (पहिलं मानांकन) होती आणि घरच्याच रीजनलमध्ये (पहिल्या टप्प्यात) लिबर्टीकडून हरली, पहिल्या सीडचं असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

---

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार, इनिंगची वाटणी ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती, आज रात्री दोघी बसून तेच करतो. एक राहिलंच, पोर्टलमधून आलेल्या पिचरचे आकडे कसे धरायचे? ओक्लाहोमाची सॅम लँड्री लुइझियानाहून आली आणि लगेच एसईसीत जमली, पण प्रत्येकीला जमेलच असं नाही ना. जुन्या टीममधले आकडे तसेच घेऊ का काही टक्के कापू? फक्त मोठ्या टीम्सविरुद्धचे घेतले तर मॅचेस फारच कमी उरतात. कोणी हे करून बघितलं असेल तर प्लीज सांगा, लेख पहिल्या सीरिजच्या आधी द्यायचाय.