पैठणला जुन्या गावात माळवदाचं (लाकडावर माती टाकलेल्या छताचं) घर घ्यायचंय, पूररेषा आणि वारसांच्या सह्यांचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वाळूजला कंपनीत आहे, माझी माय पैठणला किरायाच्या दोन खोल्यांत राहते. वडील गेल्यापासून तिला संभाजीनगरला चल म्हणायलो पण तिचं एकच, सकाळी गोदावरीवर जायचं, येताना नाथांच्या वाड्यात टेकायचं, ते सोडून मी चौथ्या मजल्यावर काय करू. आणि खरं सांगायचं तर संभाजीनगरला फ्लॅट घ्यायची आमची ऐपतही नाही. पीएफमधले आणि बायकोने भिशीत साठवलेले धरून सोळा लाख होतात, त्यातच सगळं बसवायचंय, म्हणून पैठणलाच घर घ्यायचं ठरवलं. पन्नासेक किलोमीटर आहे, शनिवार रविवार जाता येतं, पुढं मागं आम्हीही तिकडंच जाऊ.

दोन महिन्यांपासून बघायलोत. गावाबाहेर प्लॉटिंग भरपूर पडलीय पण त्यातले बरेच गुंठेवारीतले (शेतजमिनीचे बिनपरवाना पाडलेले तुकडे) आहेत, एनए (बिगरशेती) झालेले आहेत ते घाटापासून इतके लांब की मायला रोज रिक्षा करावी लागंल. मग नागघाटाच्या बाजूला एका बोळात एक घर दाखवलं. सात खणांचं, दगडी जोतं, आत गेलं की ढाळज (दारालगतची बैठकीची जागा), मग ओसरी, मागं छोटासा परस. भिंती दोन हात रुंद, देवळ्या तशाच आहेत, एका भिंतीत धान्याचं बळदही आहे. वैशाखातल्या दुपारी आत उभं राहिलो तर पंख्याची आठवण झाली नाही. माय बराच वेळ ओसरीवर बसली, काही बोलली नाही, पण मला कळलं. भाव साडेबारा लाख सांगतायत.

आता अडचणी सांगतो.

पहिली पाण्याची. पैठणच्या उशाला जायकवाडी आहे, 27 दरवाजे, वरून नाशिक नगरकडं जोराचा पाऊस झाला आणि नाथसागर भरलेला असला की सोडावंच लागतं. 2006 च्या ऑगस्टमध्ये गावात पाणी शिरलं होतं ते बऱ्याच जणांना आठवत असंल. शेजारच्या आजींनी मला स्वतः दाखवलं, तेव्हा पाणी या घराच्या खालच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, उंबरा चढलं नाही. मालक म्हणतो बघा, आत आलंच नाही. पण माती आणि चुन्यातल्या भिंती आहेत, पायाशी दोन दिवस पाणी थांबलं तरी आतून काय होतं ते कसं कळायचं? मला माहितीय की निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा, आणि निळ्याच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. म्हणजे घर निळ्या रेषेत निघालं तर उद्या पाडून बांधायचं म्हटलं की अडचण येऊ शकते.

दुसरी जास्त काळजीची. मिळकत पत्रिकेवर (मालकीच्या सरकारी उताऱ्यावर) अजून मालकाच्या आजोबांचंच नाव आहे. मालक धरून ते तीन भाऊ, दोन बहिणी. भाऊ तयार आहेत, बहिणींना विचारलेलंच नाही. मध्ये असलेला माणूस म्हणतो बहिणींचं काही नसतं, 500 च्या बॉन्डवर लिहून घेऊ, नोटरी करू, ताबा लगेच. अहो, 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, 2020 ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, आणि घराची खरेदी रजिस्ट्रीशिवाय होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या लेकीबाळींचा वाटा दाबून घेतलेल्या घरात मायला ठेवायचं माझ्या मनाला पटत नाही.

तिसरी बँकेची. व्हॅल्यूअर आला, वर माळवद बघितलं आणि लोन होणार नाही म्हणून गेला. म्हणजे सगळे रोख माझेच, दुरुस्तीला साडेतीन लाखच उरतात, रजिस्ट्री त्यातूनच. बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते, ते करणारच आहोत.

तर ज्यांनी असं जुनं घर घेतलंय त्यांनी सांगा, सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा तपास) 30 वर्षांचा काढायचा की मागं निजाम काळापर्यंत जायचं? जागा इनामाची किंवा देवस्थानची निघाली तर? आणि पूररेषेचा नकाशा नगरपरिषदेत मागायचा का पाटबंधारेकडं?

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही बहिणींचे नंबर घेतले आणि मी स्वतःच बोललो. थोरल्या बाई हैदराबादला असतात, फोनवर रडल्या, म्हणाल्या घर विकायलेत हे मला तुमच्याकडून कळतंय. सही द्यायला त्यांची ना नाही, त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यात आला पाहिजे एवढंच. मी भावांना स्पष्ट सांगितलं, आधी पाचही वारसांची नोंद लावा, मग रजिस्ट्रीला पाचही जण उभे राहतील आणि पाच डीडी निघतील, तोवर इसार देणार नाही. धाकटा भाऊ नाराज आहे, दुसरं गिऱ्हाईक बघतो म्हणाला. बघू.

पूररेषेसाठी दोन्हीकडं अर्ज टाकलाय. आता एकच विचारायचंय, पांढऱ्या मातीचं माळवद तसंच ठेवून मृगाच्या आधी नवी माती टाकणारे कारागीर पैठण, गंगापूर, शेवगाव भागात अजून आहेत का? किलचन (मातीखालचा लाकडी थर) दोन खणांत खचलीय, सरे (त्याखालची आडवी लाकडं) चांगले सागवानी आहेत. सगळे म्हणतात उतरवून पत्रे टाका, पण पत्र्याखाली ती ओसरी उन्हाळ्यात तापणार, आणि मायनं घर पसंत केलंय ते त्या गारव्यासाठीच.