मदत हवी आहे: भावावरच्या चित्रपटात पुराचा एक प्रसंग राहिलाय, कसा चित्रित करू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या हरिपूरचा, सध्या पुण्यात संकलनाची कामं करतो. गेली तीन वर्षं स्वतःच्या पैशातून दीड तासाचा एक चित्रपट करतोय. गोष्ट दोन भावांची, म्हणजे माझी आणि अण्णाची. २०१२ साली वाटणी झाली, नदीकाठच्या एका पट्टीवरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं ते झालंच. आई अण्णाकडे असते.

चित्रपटाची सुरुवात हळदीच्या पेवापासून होते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी आतली हवा जाऊ देतात. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, त्यात आमचीही हळद गेली. अण्णानं शिक्षण सोडलं आणि मला पुण्याला पाठवलं.

बहुतेक चित्रण झालंय. नट सगळे सांगलीच्या हौशी संस्थांमधले आहेत, आणि फार मनापासून काम केलंय त्यांनी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीतास्वयंवर' केलं, त्या सांगलीत नाटकासाठी नट शोधत हिंडावं लागत नाही. कच्चं संकलन पाहिल्यावर आमच्या ध्वनिमुद्रकानं एकच विचारलं, "अण्णा एवढा वाईट का दाखवलाय?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर मला माहीत होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी पुण्यात होतो. सात वर्षांत पहिल्यांदाच अण्णाचा फोन आला. "आईला घिऊन भायेर पडलोय. तू येऊ नगंस, रस्ता न्हाई." मी "बरं" म्हणालो आणि फोन कट झाला. नंतर आईकडून कळलं की तिला नावेत बसवून तो म्हशी सोडायला छातीभर पाण्यातून परत गेला होता. हा प्रसंग पटकथेत होता. पैसे नाहीत म्हणून मी तो खोडला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या प्रसंगात तो माझ्यापेक्षा मोठा दिसतो आणि ते मला पडद्यावर नको होतं. आता तो घेतल्याशिवाय चित्रपट पुरा करायचा नाही, असं ठरवलंय.

हातात साठेक हजार रुपये आहेत. नाव, पाणी, गर्दी यातलं काही परवडणार नाही. माझ्या डोक्यात असं आहे की कॅमेरा पुण्याच्या खोलीतच ठेवायचा, फोनवर फक्त आवाज ऐकू येईल. मग थेट हरिपूरचं रिकामं घर, माळ्यावर चढवलेली भांडी आणि भिंतीवरची पुराची रेघ. आईनं ती रेघ अजून रंगवू दिलेली नाही. एवढ्यात पूर पोचेल का? कुणी पाणी न दाखवता असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आवाजाबद्दलही सांगा. गल्लीत शिरलेलं पाणी गर्जत नाही, जवळजवळ मुकाट असतं. मधूनच एखादं जनावर हंबरतं. ते कसं टिपायचं?

शेजाऱ्यांकडे मोबाइलवरची पुराची चित्रणं आहेत. चित्रण करणाऱ्याची लेखी परवानगी घेईनच, पण त्यात ज्यांचे चेहरे दिसतात त्यांचीही घ्यावी का? उभ्या चौकटीचं आणि फ्रेमरेटचं मी बघून घेईन, तो प्रश्न नाही.

आणि ज्यासाठी हा धागा काढला ते. फोनवरचं ते वाक्य अण्णानं स्वतःच्या आवाजात म्हणावं, असं मला वाटतंय. त्यासाठी आधी त्याला सगळा चित्रपट दाखवावा लागेल, त्याच्यावर अन्याय करणारे प्रसंग आहेत तसे ठेवून. घरच्या माणसांवर चित्रपट केलेल्यांनी सांगावं: संकलन पक्कं होण्याआधी दाखवलंत की नंतर? त्यानं नको म्हटलं तर थांबायची माझी तयारी आहे.

आत्या म्हणते, "बेंदराला घरी जा. लॅपटॉप, कागद काही नेऊ नकोस, आधी जेवायला बस." बैलांच्या त्या सणाला अजून महिना आहे. तोवर जे सुचेल ते लिहा, सगळं वाचेन.