गो फर्स्ट बुडाली ती इंजिनांमुळे

तिकिटं फार स्वस्त विकली म्हणून 'गो फर्स्ट' ही विमान कंपनी बुडाली, हे मला अर्धंच पटतं. स्वस्त तिकिटाचं गणित विमान दिवसभर हवेत राहण्यावर चालतं. जमिनीवर उभ्या विमानासाठी कंपनीने भरायचं भाडं थांबत नाही, कमाई मात्र थांबते. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या बिघाडांमुळे त्यांची जवळपास निम्मी एअरबस ए३२० निओ विमानं उभी होती. तीच इंजिनं इंडिगोकडेही होती. पण ताफा कितीतरी मोठा, शिवाय २०१९ पासून दुसऱ्या कंपनीची इंजिनंही घेतलेली. छोट्या कंपनीला तेवढा दम कुठला? मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबली, जानेवारी २०२५ मध्ये अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश आला. थकलेल्या पगारांसाठी ताटकळलेल्या कर्मचाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.